डोंगरगाडीचा वारसा आणि कारखान्याचा ताळेबंद

रेल्वे मंत्रालयाने २०२३ साली ‘हायड्रोजन फॉर हेरिटेज’ या योजनेची माहिती संसदेत दिली, तेव्हा तीमधील दोन आकड्यांकडे साहजिकच सर्वांचे लक्ष वेधले गेले. वारसा-मार्गांवर आणि डोंगरी मार्गांवर हायड्रोजनवर चालणाऱ्या ३५ गाड्या सुरू करावयाच्या, प्रत्येक गाडीस अंदाजे ८० कोटी रुपये खर्च यावयाचा आणि प्रत्येक मार्गावरील जमिनीवरच्या सोयींसाठी आणखी ७० कोटी लागावयाचे, असे ते आकडे होते. केवळ गाड्यांचीच बेरीज केली तरी ती २,८०० कोटींवर जाते. ज्या मार्गांची नावे या संदर्भात घेतली गेली, त्यांत दार्जिलिंग, निलगिरी, कालका-सिमला आणि कांगडा यांच्या जोडीला नेरळ-माथेरान हाही मार्ग होता. हा सबंध मार्ग १९०७ साली सुमारे १६ लाख रुपयांत उभा राहिला होता. शतकापूर्वीचे १६ लाख आणि आजचे ८० कोटी यांची सरळ तुलना करून हळहळणे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही शोभणार नाही. रुपयाचे मोल मधल्या काळात कोठून कोठे आले, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु या दोन आकड्यांच्या शेजारी जो तिसरा आकडा असावयास हवा होता, तो तेथे दिसत नाही. या मार्गांवर आज जी इंजिने व जे डबे आहेत त्यांची निगा कोणी, कोठे, कोणत्या हत्यारांनी आणि कोणाकडून शिकून राखावयाची, या बाबीला त्या हिशेबात स्थान नाही.

हा आक्षेप किरकोळ वाटण्याचा संभव आहे. प्रवाशाच्या दृष्टीने डोंगरगाडी म्हणजे वळणावर दिसणारा लहानसा आगगाडीचा देखावा. तो दिसला, त्याचे छायाचित्र निघाले, की काम झाले. पण आगगाडी ही देवळाच्या शिखरासारखी किंवा किल्ल्याच्या बुरुजासारखी स्थिर वस्तू नव्हे. बुरुजाची शंभर वर्षे हेळसांड झाली तरी तो ढासळलेल्या अवस्थेत का होईना, पण बुरूजच राहतो. इंजिनाची पाच वर्षे हेळसांड झाली की ते भंगार होते. त्याचे अस्तित्व रोजच्या तेल-पाण्यावर, महिन्याच्या तपासणीवर आणि ठरावीक मुदतीनंतर ते पूर्ण उघडून पुन्हा जोडण्यावर अवलंबून असते. म्हणूनच डोंगराच्या पायथ्याशी असलेली शेड आणि तिच्या पाठीशी असलेला कारखाना यांच्याकडे पाहिल्याखेरीज या वारशाचा खरा ताळेबंद मांडता येत नाही.

माथेरानचेच उदाहरण घ्यावे. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली हे काम हाती घेतले आणि १९०७ साली गाडी सुरू झाली. मार्ग वीस-एकवीस किलोमीटरांचा, रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर आणि चढ काही ठिकाणी विसास एक. त्यात वळणे अशी की साध्या इंजिनाची चाके रुळावर घट्ट अडकून बसावीत. बर्लिनच्या ऑरेनस्टाईन अँड कोपेल या कंपनीने येथे जी चार इंजिने पुरविली, त्यांच्यात या अडचणीवर एक चतुर तोड योजिली होती. इंजिनाला एकमेकांस जोडलेल्या चाकांच्या तीन जोड्या होत्या. पहिल्या व शेवटच्या जोडीचा आस पोकळ नळीसारखा असून त्याच्या पोटात दुसरा भरीव आस फिरत असे आणि दोहोंमध्ये गोलाकार सांधा असल्यामुळे बाहेरचा पोकळ आस चाकांसह किंचित तिरपा होऊ शके व थोडा बाजूला सरकूही शके. तोंडाचे व शेपटाचे चाक वळणाप्रमाणे वळावे आणि तरीही साऱ्या चाकांना वाफेचा जोर मिळावा, अशी ही क्लीन-लिंडनर पद्धतीची रचना होती. या मार्गाच्या बाबतीत सल्ला देणारे अभियंते होते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, ज्यांचे नाव सोलापूर जिल्ह्यातील जुन्या लोकांना बार्शी लाईट रेल्वेमुळे परिचित असेल.

अशी रचना कागदावर जितकी सुबक, तितकीच ती सांभाळावयास कठीण. आसाच्या आत आस, त्यांच्यामधील सांध्याची झीज, त्या झिजेने चाकात येणारा ढिलेपणा, हे सारे बाहेरून दिसत नाही. ते ओळखावयास लागतो तो कान आणि ते दुरुस्त करावयास लागतो तो हात. वाफेच्या इंजिनाचे बॉयलर नियमित धुवावे लागते, साचलेला क्षार काढावा लागतो, नळ्या बदलाव्या लागतात, दाब देऊन परीक्षा घ्यावी लागते. येथे चुकीला क्षमा नसते. वळणावळणांच्या मार्गावर चाकांची कड लवकर झिजते, ती लेथवर पुन्हा कातावी लागते आणि किती कातावी यालाही मर्यादा असते. ही कामे पुस्तक वाचून येत नाहीत, हे सांगण्यासाठी कोणा तज्ज्ञाची साक्ष काढण्याची गरज नाही.

१९५०च्या दशकाच्या मध्यास जर्मनीच्या आर्नोल्ड युंग कारखान्यातील डिझेल इंजिने माथेरानला आली. पुढे पंचवीस-एक वर्षे वाफ आणि डिझेल शेजारी शेजारी नांदले आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी नियमित सेवेतील वाफ थांबली. नंतरच्या पिढीची डिझेल इंजिने बंगळूरच्या सॅन इंजिनिअरिंग या भारतीय कारखान्याच्या आराखड्याची. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ज्या युंग इंजिनांना एकेकाळी ‘नवी’ म्हणून नाके मुरडली गेली, ती आता स्वतःच सत्तरीच्या घरात आली आहेत आणि ती बांधणाऱ्या कंपनीने इंजिने बांधणे केव्हाच सोडून दिले आहे. ऑरेनस्टाईन अँड कोपेलचेही तेच झाले. म्हणजे इंजिन वाफेचे असो की डिझेलचे, त्याचा सुटा भाग मागविण्यासाठी पत्र लिहावे असा पत्ताच जगात उरलेला नाही. तो भाग येथेच कातावा लागतो, येथेच ओतावा लागतो, कधी तो मोडल्यावरच त्याचे माप घ्यावे लागते. मूळ निर्माता नाहीसा झाला की दुरुस्तीची शाळा हाच निर्माता होतो. वारसा-रेल्वेच्या अर्थकारणातील ही मूलभूत गोष्ट आहे आणि ती नेमकी अंदाजपत्रकात ‘देखभाल खर्च’ या एका कोरड्या शीर्षकाखाली गाडली जाते.

आता कारखान्याकडे वळावे. नेरळची शेड ही रोजची निगा राखणारी जागा. मोठ्या दुरुस्तीसाठी माथेरानचे डबे जातात ते कुर्डुवाडीला. नकाशावर पाहिले तर ही योजना विचित्र वाटेल, कारण नेरळ आणि कुर्डुवाडी यांच्यामध्ये सबंध घाट आणि दोनेकशे मैलांचे अंतर आहे. पण त्यामागे इतिहास आहे. कॅल्थ्रॉप यांच्या बार्शी लाईट रेल्वेचा पहिला भाग १८९७ साली सुरू झाला. अडीच फुटी रुळांच्या या रेल्वेचे तत्त्व साधे होते. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही आणि शक्य तोवर प्रत्येक आसावर तेवढा भार येऊ द्यावयाचा. असे केले की हलके, स्वस्त रूळ पुरतात आणि तरीही वाहतूक भरघोस होते. दुष्काळी, कमी वस्तीच्या मुलुखाला परवडेल अशी रेल्वे कशी बांधावी, याचा तो वस्तुपाठ होता. एका टोकाला लातूर, दुसऱ्या दिशेला पंढरपूर आणि पुढे १९२७ मध्ये मिरज, असा हा पसारा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरांपर्यंत गेला. १९५४ साली सरकारने ही कंपनी विकत घेतली. वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या गाड्यांवर लटकलेली माणसे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना या रेल्वेच्या अंगावर किती काम होते याची कल्पना येईल. कुर्डुवाडीचा कारखाना त्या कामाच्या जोरावर उभा होता. फिटर, टर्नर, लोहार, सुतार, साचे करणारे आणि ओतकाम करणारे यांची आख्खी वस्ती त्यावर पोसली गेली. मुलाने बापाच्या हाताखाली काम शिकावे, असा तो काळ.

२००१ नंतरच्या दशकात हा सारा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. यात खेद करण्यासारखे काही नाही. लातूरच्या व्यापाऱ्याला आणि पंढरपूरच्या वारकऱ्याला गाडी न बदलता पुण्या-मुंबईस जाता यावे, हेच योग्य होते. १९९२ साली एकगेज धोरण स्वीकारले गेले, त्याचे देशाला झालेले लाभ उघड आहेत. परंतु प्रत्येक योग्य निर्णयाचे एक न मांडलेले मोल असते. ॲडम स्मिथने अडीचशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले की श्रमविभागणीची मर्यादा बाजारपेठेच्या विस्ताराने ठरते. खेड्यात सर्व कामे एकच सुतार करतो, शहरात प्रत्येक कामाला वेगळा कारागीर मिळतो. नॅरोगेजचे जाळे पसरलेले होते तेव्हा त्याच्या इंजिनांचे ब्रेक दुरुस्त करणारा, चाके कातणारा, बॉयलरच्या नळ्या बसविणारा असा स्वतंत्र जाणकार पोसणे परवडत होते. जाळे आटले तशी ती बाजारपेठ आटली. नागपूरहून सातपुड्यात जबलपूरकडे जाणारी नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, नागपूर-नागभीड २०१९ मध्ये थांबली, वऱ्हाडातील शकुंतलाही थंडावली. त्या गाड्यांच्या पाठीशी असलेल्या नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. संग्रहालय होणे चांगलेच, पण ज्या धंद्याचे संग्रहालय होते तो धंदा चालू राहिलेला नसतो, एवढे तरी त्यातून समजावे.

माथेरानच्या बाबतीत अडचण याहूनही बारीक आहे. बार्शीची रेल्वे अडीच फुटी, सातपुड्याची अडीच फुटी, कालका-सिमलाही अडीच फुटी. माथेरान मात्र दोन फुटी. सामान्य वाचकाला सहा इंचांनी काय बिघडते असे वाटेल. पण आस, चाके, ब्रेक, गाडीचा सांगाडा, सारे काही या सहा इंचांनी वेगळे होते आणि एका मार्गाचा भाग दुसऱ्यावर बसत नाही. दोन फुटी रुळांची ग्वाल्हेरची गाडी २०२० मध्ये बंद पडली. आता भारतीय रेल्वेत या मापाचे मार्ग राहिले दोनच, एक दार्जिलिंगचा आणि दुसरा माथेरानचा. दोन लहान मार्गांसाठी सुटा भाग बनवावयाचा म्हणजे एकेक नग सुटा बनवावयाचा. साचा तयार करण्याचा खर्च शंभर नगांवर विभागला जाण्याऐवजी चार नगांवर विभागला जातो. मग हिशेबनीस विचारतो की हा नग इतका महाग का, आणि त्याच्या प्रश्नाला सरकारी कचेरीत उत्तर नसते. असले म्हणजे ते एवढेच, की हा नग महाग नाही, ज्या व्यवस्थेत तो स्वस्त पडत होता ती व्यवस्था आपण मोडली आहे.

याच्या जोडीला आणखी एक कारण आहे. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली नाटक-संगीतासारख्या कलांच्या अर्थकारणावर लिहिताना एक साधी गोष्ट दाखवून दिली. कारखान्यातील उत्पादकता यंत्रांमुळे वाढत जाते, पण चार वादकांची एक रचना वाजवावयास आजही चार वादक आणि तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे इतरत्र वेतन वाढले की अशा कामांचा खर्च, कोणी आळस केला नाही तरी, इतरांच्या मानाने वाढतच जातो. जुन्या इंजिनाची दुरुस्ती ही याच जातीची आहे. नेरळच्या फिटरने चाक तपासण्यास त्याच्या आजोबाइतकाच वेळ घेतला तर तो कामचुकार ठरत नाही. परंतु रेल्वेच्या इतर विभागांशी तुलना करणाऱ्या तक्त्यात तो तसाच दिसतो आणि मग पद रिकामे झाले की ते भरले जात नाही.

गेल्या वीस वर्षांत माथेरानच्या गाडीवर आलेली संकटे सर्वश्रुत आहेत. २६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग उद्ध्वस्त केला आणि तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये अमन लॉजजवळ लागोपाठ डबे घसरल्याने सेवा थांबली व ती पूर्ववत व्हावयास २०१८ उजाडले. २०१९ च्या पावसाळ्यात रूळ पुन्हा वाहून गेले आणि नेरळहून थेट गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाली. प्रत्येक वेळी रूळ, मोऱ्या आणि संरक्षक भिंती यांवर पैसा खर्च झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. २०१६ च्या घटनांनंतर डब्यांना एअर ब्रेक बसविले गेले, ही सुधारणाही महत्त्वाची होय. तोपर्यंत डब्याडब्यावर बसलेला ब्रेकवाला इंजिनाची शिट्टी ऐकून हाताने ब्रेक लावीत असे आणि गाडीची सुरक्षितता त्याच्या मनगटावर अवलंबून असे. तथापि दीर्घकाळ बंद राहिलेल्या मार्गावर शेडचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. यंत्र वापरले नाही तर त्याची झीज थांबते, निदान कमी होते. कौशल्याचे नेमके उलट आहे. ते न वापरल्यानेच झिजते. तीन वर्षे गाडी धावली नाही म्हणजे तीन वर्षे एकाही उमेदवाराने डोंगरावरून उतरलेले गरम चाक हातात घेतले नाही. त्या काळात जो कारागीर निवृत्त झाला त्याच्या जागी कोणी उभा राहिला नाही, आणि हा तोटा कोणत्याही अहवालाच्या कोणत्याही रकान्यात नोंदला गेला नाही.

दार्जिलिंगचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १८८१ साली पूर्ण झालेला हा मार्ग १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. भारतातील हा मान मिळविणारी ती पहिली रेल्वे. माथेरानचे नाव २००५ पासून संभाव्य यादीत आहे, तेथून ते पुढे सरकलेले नाही. दार्जिलिंगची ओळख म्हणजे त्याची ‘बी’ वर्गाची चार चाकांची निळी इंजिने. १८८९ ते १९२५ या काळात अशी ३४ इंजिने बांधली गेली. ती बांधणारे कारखाने चार. शार्प स्ट्युअर्ट ही कंपनी १९०३ मध्ये नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्हमध्ये विलीन झाली. नॉर्थ ब्रिटिश १९६२ मध्ये बुडाली. अमेरिकेची बाल्डविन १९५०च्या दशकात इंजिने बांधावयाची थांबली. चौथा कारखाना तिनधारियाचा, म्हणजे याच रेल्वेचा, याच डोंगरावरचा. त्याने यांतील तीन इंजिने स्वतः बांधली आणि तोच तेवढा आज हयात आहे. ग्लासगो आणि फिलाडेल्फिया येथील प्रचंड उद्योग लयाला गेले आणि हिमालयाच्या उतारावरची एक दुरुस्तीशाळा टिकली, हा औद्योगिक इतिहासातील योगायोग मानू नये. मोठ्या कारखान्याला नव्या मागणीची गरज असते, दुरुस्तीशाळेला जुन्या वस्तूच्या अस्तित्वाची. पण २०१० आणि २०११ मध्ये दरडी कोसळल्या, तिनधारियाच्या आसपासचा मार्ग तुटला आणि सिलिगुडीहून दार्जिलिंगपर्यंत अखंड गाडी धावावयास २०१५ चा डिसेंबर यावा लागला. तोवर तिनधारिया वरच्या भागात धावणाऱ्या आपल्याच इंजिनांपासून तोडले गेले होते.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. निलगिरीच्या रेल्वेचे माप नॅरोगेज नसून मीटरगेज आहे आणि तिची दातेरी रुळावर चढणारी इंजिने स्वित्झर्लंडच्या विंटरथूरहून आलेली. ती थकल्यावर त्याच वर्गाची, पण तेलावर चालणारी नवी वाफेची इंजिने तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने गेल्या दशकात बांधून दिली. एकविसाव्या शतकात भारतीय रेल्वेच्या कारखान्यात वाफेचे इंजिन नव्याने बांधले गेले, या बातमीला वृत्तपत्रांत जेवढी जागा मिळावयास हवी होती तेवढी मिळाली नाही. यावरून एवढे सिद्ध होते की कामगार आणि अभियंते यांची कुवत संपलेली नाही. मागणी निश्चित असली, काम सलग मिळत राहिले आणि कोणी जबाबदारी घेतली, तर ती जागी होते.

वेल्समधील फेस्टिनिऑग रेल्वेचा अनुभव याच दिशेने बोलतो. दगडी पाट्या वाहून नेण्यासाठी १८३६ मध्ये सुरू झालेली ही सुमारे दोन फुटी रेल्वे १९४६ मध्ये बंद पडली आणि १९५५ पासून हौशी स्वयंसेवकांनी ती तुकड्यातुकड्याने पुन्हा सुरू केली. तिचा बॉस्टन लॉज हा कारखाना केवळ जुन्या इंजिनांना डागडुजी करीत बसला नाही. १८७९ मध्ये ज्या कारखान्याने दोन तोंडांचे ‘मर्डिन एम्रिस’ हे इंजिन बांधले, त्यानेच १९७९, १९९२ आणि अगदी अलीकडे २०२३ मध्ये त्याच घराण्याची नवी इंजिने बांधली. म्हणजे तेथे वारसा याचा अर्थ अमुक एक इंजिन असा राहिला नाही, तर इंजिन बांधण्याची अखंड परंपरा असा झाला. आपल्याकडे स्वयंसेवकांच्या जोरावर रेल्वे चालविण्याची कल्पना हास्यास्पद ठरेल. ज्या देशात आयटीआय उत्तीर्ण मुलगा पगाराच्या नोकरीसाठी रांगेत उभा आहे, तेथे निवृत्त बँक-व्यवस्थापकाने रविवारी फुकट बोल्ट आवळावा, हे योग्यही नव्हे. पण त्याच रांगेत उभा असलेला मुलगा हेच आपले भांडवल आहे, हे मात्र वेल्सला सुचण्याचे कारण नाही, आपल्याला सुचावयास हवे.

या सगळ्यावर एक रास्त हरकत घेतली जाईल. खेड्यापाड्यांत अजून पुरेशा गाड्या नाहीत, उपनगरी प्रवासी दरवाजात लोंबकळून जीव गमावतात, मग सहलीला जाणाऱ्यांच्या खेळण्यातल्या गाडीवर पैसा का घालावयाचा? ही हरकत हसून टाळता येणार नाही. पर्यायी उपयोगाचा विचार हा सार्वजनिक खर्चाचा पहिला नियम आहे. परंतु माथेरानपुरते तरी हे खेळणे नव्हे. हे गाव मोटारींना बंद आहे, २००३ पासून ते व त्याभोवतीचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेले आहे आणि दस्तुरी नाक्यापुढे पायी, घोड्यावर, रिक्षाने नाहीतर रुळांवरूनच जाता येते. गाडीचा लाभ खानावळवाल्यापासून चप्पल विकणाऱ्यापर्यंत साऱ्या गावात वाटला जातो, तोटा मात्र एकट्या रेल्वेच्या वहीत लिहिला जातो. ज्याला अर्थशास्त्रात बाह्य लाभ म्हणतात त्याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधून सापडावयाचे नाही. म्हणून गावात येणाऱ्या पर्यटकांकडून नगरपरिषद जो प्रवेशकर घेते, त्यातील ठरावीक अंश शेडकडे का वळवू नये, हा प्रश्न निदान चर्चेस तरी घेण्याजोगा आहे.

हायड्रोजनलाही विरोध करण्याचे कारण नाही. संवेदनशील डोंगरावर डिझेलचा धूर नसावा, हे कोणीही मान्य करील. मात्र नव्या यंत्रणेबरोबर नवा धोका येतो. इंधन-घटाचा डबा बिघडला तर तो पुरवठादाराकडे पाठवावयाचा आणि तो परत येईपर्यंत गाडी उभी ठेवावयाची, अशी व्यवस्था झाली तर नेरळची शेड ही केवळ गाडी उभी करण्याची पत्र्याची चाळ उरेल. याहून काळजीची गोष्ट म्हणजे वरवरच्या रूपाला वारसा समजण्याची वाढती वृत्ती. ऑक्टोबर २०२३ मध्ये एकतानगर ते अहमदाबाद जी ‘हेरिटेज’ गाडी सुरू झाली, तिचे इंजिन विजेवर चालते आणि दिसते मात्र वाफेच्या इंजिनासारखे. प्रवाशांची करमणूक होत असेल तर तिला कोणी नाव ठेवू नये. पण धुराड्याचा मुखवटा म्हणजे वारसा नव्हे, आणि मुखवट्यासाठी तरतूद होते पण लेथवरच्या माणसासाठी होत नाही, असे दिसू लागले तर त्याची वाच्यता झाली पाहिजे.

करावयाचे ते फार अवघड नाही. दोन फुटी मापाचे दोनच मार्ग उरले असतील तर त्यांची गरज एकत्र मोजावी, सुटे भाग एकाच वेळी व एकाच आराखड्याने बनवावेत. तिनधारिया आणि कुर्डुवाडी यांनी एकमेकांसाठी काम केले तर साच्याचा खर्च निम्म्यावर येईल. ते वेगवेगळ्या रेल्वे-विभागांत आहेत ही सबब आहे, अडचण नव्हे. जुने आराखडे, लाकडी साचे आणि मोजमापे यांची नोंद निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या कामगारांना शेजारी बसवून आत्ताच करून घ्यावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कर्जत आणि कुर्डुवाडीच्या परिसरातील मुलांना काही जागा केवळ या कामासाठी राखून द्याव्यात, आणि शिकून झाल्यावर त्यांना भलत्याच विभागात पाठवू नये. हायड्रोजनसाठी जे ७० कोटी मार्गामागे ठरले आहेत, त्यांचा काही भाग शेडमधील यंत्रे व प्रशिक्षण यांवर खर्च करण्याची अट निविदेतच घालता येईल. पुरवठादाराने नेरळच्याच कामगारांना दुरुस्ती शिकवावी, ही अटही त्याच कागदावर बसते.

या कामाला वेळ कोठून काढावयाचा, हाही प्रश्न नाही. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसामुळे नेरळ ते अमन लॉज गाडी दरवर्षी बंद असते आणि वरच्या बाजूस अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालू राहते. वर्षातील हे चार महिने वेळापत्रकात सेवा-खंड म्हणून दाखविले जातात. इंजिने उघडण्यास, चाके कातण्यास आणि नव्या मुलांना शिकविण्यास याहून सोयीचे दिवस वर्षात दुसरे नाहीत.